मान सैल सोडा

…आणि कृपया हे केस पाहून हसू नका, हात जोडतो! हौसेने वाढवलेले नाहीत. मी संख्याशास्त्रात पीएचडी करतो, गिटार वाजवत नाही. आमचे मार्गदर्शक सर परवा म्हणाले, "उत्तरेश्वर, मौखिकीला येताना तरी माणसात या." आता त्यांना काय सांगू? हे जे कॉलरवर लोळतं आहे ना, ते केस नव्हेत, ती भीती आहे! पाच महिन्यांची साठलेली, निव्वळ भीती! कारण तुम्हाला सांगतो… माणसाला मान एकच असते.

झालं असं, की माझं डोकं दुखायला लागलं. मानेच्या मागून, उजव्या बाजूने कळ निघायची, कानावरून वर चढायची आणि डोळ्यामागे जाऊन बसायची, ती बसायचीच! प्रबंधाचं शेवटचं प्रकरण समोर, आणि मी विश्रांतवाडीच्या खोलीत डोक्याला टॉवेल आवळून बसलेला. माझा रूममेट जयसिंग, खराडीला सॉफ्टवेअरमध्ये आहे, त्याच्याकडे जगातल्या प्रत्येक गोष्टीवर उपाय असतो… तो म्हणाला, "अरे यार, आमच्या ऑफिसजवळ एक कायरोप्रॅक्टर मॅडम आहेत. मणक्यांचे सांधे हातानेच सेट करतात. मान अशी धरायची, कट्! खतम!"

मी विचारलं, "खतम नेमकं काय होतं? डोकेदुखी, की रुग्ण?"

त्याने मोबाइलवर व्हिडिओ दाखवला. एक माणूस आडवा पडलेला, हनुवटीवर दोन हात, आणि घट्ट बसलेलं बरणीचं झाकण फिरवावं तशी त्याची मान… कट्! जयसिंग हसला. तो माणूसही हसला. पण नंतर तो उठून चालला का? मी व्हिडिओ सात वेळा मागे नेऊन पाहिला. पाय दिसण्याआधीच संपतो हो तो! आणि मान एकच असते!

तरीही गेलो. दुखणं माणसाला कुठेही नेतं. काउंटरवरच्या दीपमालाताईंनी फॉर्म दिला. त्यात लिहिलेलं, "मानेच्या उपचारानंतर अत्यंत दुर्मीळ प्रसंगी रक्तवाहिनीला इजा अथवा पक्षाघात संभवतो." मी म्हटलं, "ताई, दुर्मीळ म्हणजे किती?"

"म्हणजे होत नाही, सर."

"होत नाही, तर छापलं कशाला?"

"सर, सगळे सही करतात."

सगळे! अहो, माझं अख्खं शिक्षण त्या 'सगळ्यांत' न बसणाऱ्या एकाचा अभ्यास करण्यात गेलं! तो एक कुणीतरी असतोच ना? सकाळी तोसुद्धा चहा पिऊनच निघालेला असतो! पण केली सही. प्रश्न क्रमांक नऊ होता, "यापूर्वी कुणी आपल्या मानेला झटका दिला आहे का?" मी लिहिलं, "नाही. कधीही नाही." खाली दोन रेघा.

शेजारी धायरीच्या वेणूबाई बसल्या होत्या, कमरेसाठी आलेल्या. माझा चेहरा पाहून म्हणाल्या, "पहिल्यांदाच का? काही नाही हो, मोडतात न् सोडून देतात."

"मोडतात?"

"बोटं मोडतो तसं. माझी कंबर तर अशी काढून परत बसवली त्यांनी!"

तेवढ्यात आतून… कट्! मग काहीच नाही. ना "आई गं", ना "बरं वाटलं". मी दाराकडे बघतोय, माणूस बाहेर येईना… आणि दीपमालाताई गोड आवाजात, "सर, आता तुमचा नंबर."

डॉक्टर मेहजबीन अगदी शांत बाई. रक्तदाब पाहिला, डोळ्यांसमोर बोट फिरवलं, हात दाबून पाहिले. मग म्हणाल्या, "आडवे व्हा. मान सैल सोडा."

"सोडली आहे."

"सोडलेली नाही. माझ्या हातात विजेचा खांब आहे."

"मॅडम, मी मनाने सोडली आहे, मान ऐकत नाही."

"सोडा… अजून… मान सैल सोडा…"

आणि त्या क्षणी, तुम्हाला सांगतो, माझ्या नाकात शेव्हिंग क्रीमचा वास आला! हेच शब्द, असाच सूर, मी ऐकलाय… दर महिन्याला ऐकलाय! मी ताडकन उठून बसलो. "थांबा! प्रश्न क्रमांक नऊ! माझं उत्तर चुकलं आहे!"

अहो, आमचे वैजनाथमामा! विश्रांतवाडीचं सलून! केस कापून झाले, की डोक्यावर दोन पंजे. "सर, मान सैल सोडा." डावीकडे कट्, उजवीकडे कट्, टॉवेल झटकला, पुढचा! सहा वर्षं, दरमहा, दोन्ही बाजू… एकशे चव्वेचाळीस वेळा! ना फॉर्म, ना सही! आणि मी? मी डुलक्या काढत होतो! डावी झाली, की उजवी बाजू स्वतः पुढे करत होतो!

मॅडमनी हात एप्रनच्या खिशात घातले. "ते करताना त्यांचं लक्ष असतं ना तुमच्याकडे?"

"समोर टीव्हीवर मॅच चालू असते."

"मग मी आज तुमच्या मानेला झटका देणार नाही."

आनंद व्हायला हवा होता ना? उलट मीच दोन्ही हातांनी मान धरून बसलो! ज्यांचा हा धंदा, त्याच हात खिशात घालतात? म्हणाल्या, "लॅपटॉप मांडीवर, हनुवटी छातीला, दिवसाचे दहा तास. दुखेल नाहीतर काय? हे व्यायाम करा. चक्कर आली, दोन-दोन दिसायला लागलं, तर सरळ हॉस्पिटल गाठा. आणि मामांना सांगा, केस कापा, मान नको."

व्यायाम केले. लॅपटॉप जुन्या प्रबंधांच्या गठ्ठ्यावर चढवला. डोकेदुखी निम्म्याच्या खाली आली, खोटं कशाला बोलू! पण मामांना सांगायचं होतं, आणि ते मी नीट, संदर्भासहित सांगितलं. रक्तवाहिनी, पक्षाघात, दुर्मीळची व्याख्या… मामांनी कात्री खाली ठेवली. टीव्ही बंद केला. "आसं आसतंय व्हय? सर, म्या तर सकाळपासून अकरा जणांच्या मोडल्या की!"

"म्हणून म्हणतो, मामा, फक्त केस कापा."

"न्हाई बा! केस कापताना मान वाकवावी लागती. काय कमीजास्त झालं तर? माणसाला मान एकच आसती, सर!"

माझं वाक्य! मलाच!

दुसऱ्या सलूनमध्ये गेलो. उंबऱ्यात पाऊल टाकलं आणि समोरच्या खुर्चीतून… कट्! तसाच मागे फिरलो.

शेवटी मामा म्हणाले, "लिहून द्या सर, मान वाकवली तर चालंल म्हणून. मग कापतो." रास्तच आहे. लिहितोय. किती अंशांत वाकवायची, कोणत्या बाजूला, मॅच चालू असल्यास काय… मसुदा सध्या सतराव्या पानावर आहे, आणि 'वाकवणे' कशाला म्हणायचं यावर अडलाय. मौखिकी सोमवारी आहे.

…कुणाकडे एखादं रबर असेल का हो, केसांना लावायला?