कोळशाच्या भिंतीवरचं बटण

निजामपुऱ्यातले आमचे गफूरचाचा जन्मभर कापड विणणाऱ्या लूमच्या खडखडाटात राहिले, त्यामुळे ते बोलतात तेच मुळी ओरडून. मध्ये आम्ही विदर्भातली एक जुनी, बंद झालेली कोळशाची खाण बघायला गेलो. वरचं छोटं संग्रहालय बघून खाली उतरलो, तर खाणीत काम केलेल्या म्हाताऱ्या गाईडने अंधार दाखवायला दिवे घालवले.

चाचा लगेच ओरडले, "लाइट गेली. आधी लूमचं बटण बंद करा, नायतर लाइट आल्यावर धागे तुटतील."

दिवे लागले तेव्हा बटण शोधणारा त्यांचा हात कोळशाच्या भिंतीवर होता.

गाईड म्हणाला, "बरोबर जागी आलात चाचा. वीज याच्यावरच होते. कोट्यवधी वर्षांपूर्वीचं जंगल आहे हे."

चाचांनी हात काढला नाही. आयुष्यात पहिल्यांदा ते हळू बोलले, "म्हणजे आपली लूम एवढी वर्षं जंगल चालवत होतं."