दुसऱ्या दिवसाची रजा

अध्यक्षस्थानी असलेले महाव्यवस्थापक महाजनसाहेब, व्यासपीठावरील मान्यवर, आज निवृत्त होणाऱ्या आपल्या परिचारिका साधनाताई, आणि महाळुंग्याच्या या कारखान्यात एका दिवसाच्या रजेसाठी खालमानेनं उभं राहावं लागलेल्या माझ्या मैत्रिणींनो,

मला ताईंचा गौरव करायला सांगितलंय. पण आधी राग सांगते. तेवीस वर्षं तो त्यांनी गिळला.

वायरिंग विभागातल्या मोनिकाच्या परवानगीनं बोलते. तिला पीसीओएस आहे. लग्नाला सहा वर्षं झाली, मूल हवंय. डॉक्टर म्हणाले, बीजं भरपूर आहेत, पण पिकत नाहीत. कोणतं हार्मोन किती वाढलंय हे पाहूनच औषध ठरवायचं. अंदाजानं जास्त दिलं तर एकदम खूप बीजं वाढून जिवावर बेतू शकतं. आणि त्यासाठी रक्त द्यायचं पाळीच्या दुसऱ्या किंवा तिसऱ्या दिवशी.

तिची पाळी आली चोपन्न दिवसांनी. दुसऱ्या दिवशी ती रजा मागायला गेली.

"तीन दिवस आधी अर्ज का न्हाई दिला?"

"भाऊ, ती काय मला कळवून येती व्हय?"

रोहिदासभाऊ, तुम्ही मान खाली घालू नका. सुपरवायझर नियम पाळतो, तो बनवतो दुसराच. रजा मिळाली सहाव्या दिवशी. डॉक्टरांनी परत पाठवलं. पुढची पाळी सत्तर दिवसांनी आली. इथं मशीन बंद पडलं की पाच मिनिटांत माणूस धावतो. मशीन तीन दिवस आधी अर्ज देतं का?

त्या वेळी ताईंनी जेवणाच्या सुट्टीत प्रथमोपचाराच्या खोलीत तिचं रक्त घेतलं, आणि नळी स्वतः पिंपरीच्या लॅबमध्ये पोचवली. त्याबद्दल काय मिळालं? लेखी ताकीद. ताई म्हणाल्या, "लावा फाइलीला. माझी फाइल आधीच जाड आहे."

रिपोर्ट आला, गोळ्या सुरू झाल्या. पहिल्या खेपेला बीज पिकलं नाही. आता डोस वाढवायचा, म्हणजे पुन्हा दुसऱ्या दिवशी तपासणी. आणि उद्यापासून त्या खोलीत ताई नसतील. मोनिकानं कुणाच्या दारात जायचं?

ताई, तुम्ही नियमापेक्षा बाईला मोठं मानलंत, त्याबद्दल आम्ही सगळ्या ऋणी आहोत. आपण सर्वांनी शांतपणे ऐकलंत. शब्द तिखट गेला असेल तर मोठ्या मनानं सोडून द्या.

महाजनसाहेब, रजेच्या नियमात एक वाक्य हवंय: या तपासणीसाठी सकाळी फोन केला की त्याच दिवशी रजा. ते लिहून कागद तुमच्यासमोर ठेवलाय. ताईंना शाल घालण्याआधी त्यावर सही करा.