आत्याबाईच्या इतीची चूल

(मंगरूळपीर तालुक्यातल्या एका शेतकरी बाईने सांगितले, तसेच उतरवले.)

माहं माहेर रिठद. आमी पाच बहिनी, अन् मी साऱ्यायत उंच. उंच म्हंजे काय सांगू ताई तुमाले, पाह्याले येनारा पावना आदी माह्या डोक्याकडे पाहे अन् मंग आपल्या पोराकडे. तीन ठिकानं मोडले. मंग आत्याबाई आल्या, म्हंजे माही सासू, आमी सासूले आत्याबाईच म्हनतो. टीचभर बाई. माह्याकडे मान वर करून पाह्यलं अन् म्हने, बरं झालं, आता माळ्यावरचं काढाले मले पाट लागनार नाही. अशी जमली सोयरीक.

आत्याबाईचा हात चुलीचा. गावात नवी सून आली का तिची चूल मांडाले त्याहिलेच बलावत. पांढरी माती, तुरीचं कुटार, लीद, दोन दिवस भिजवाचं, पायानं तुडवाचं, अन् माप एकच, तोंड एक ईत, उंची एक ईत चार बोटं. इतीनंच मोजाचं, आंगठ्यापासून करंगयीपर्यंत हात ताणून, दोरी नाही का पट्टी नाही. नारय घे, दुसरं काई घेत नसे. जेवून जा म्हनलं तं म्हने, तुही चूल वली हाय, तू मले काय माती चारशीन? तोंडाची फटकय होती, खोटं कायले सांगू, पर गावात अशी सून नाही का जिच्या घरात तिनं चूल मांडली नाही.

लग्नाच्या दुसऱ्या वर्सी त्या लेकीच्या बायंतपनाले कामरगावले गेल्या. घरची चूल तडकली होती. मले वाटलं, आपुन करून दाखवू, सासू खूश होईन. माती तुडवली, इतीनं मोजली, सारवली, झकास झाली. त्या आल्या, हात-पाय धुतले अन् त्याहिचा पितयेचा लहान गंज, वरन शिजवाचं भांडं, चुलीवर ठेवला. ठेवला का सिदा आत गेला, गयापर्यंत! म्या माही ईत लावली होती ना ताई, अन् माहा हात हा एवढा. मोठी जाऊ पोट धरून हासे. सासरे म्हनत, मोडून टाका. मले रडूच आलं, वाटलं आता हे बाई मले जलमभर ऐकवते.

आत्याबाईनं चुलीले चारी कडून पाह्यलं, बोटानं ठोकून पाह्यलं. मंग म्हने, कायले मोडता, चूल चांगली हाय, भांडं लहान हाय. पुढच्या बाजाराच्या दिवशी येष्टीनं मंगरूळपीरले गेल्या अन् मोठा जर्मनचा गंज घेऊन आल्या. लहान गंज धुतला, फडक्यात बांधला अन् माह्याच हातानं माळ्यावर ठेवाले लावला. म्या कितीदा म्हनलं, आत्याबाई, हा काहून ठेवता, देऊन टाकू. तं म्हने, राहू दे.

त्यानंतर घरची चूल मीच मांडली, माह्या इतीची.

यंदा पावसायाच्या आदी गेल्या. नव्वदीच्या पुढच्या होत्या, नक्की वय त्याहिलेही मालूम नव्हतं. सांगून ठेवलं होतं, तेरवीले काई करा, पर माहा निवद आपल्या चुलीवरचा पाह्यजे, गॅसवरचा मले पोचनार नाही. अन् झालं काय, त्याहिच्याच आंगधुनीचं पानी तापवाले मानसायनं चुलीवर भरला ड्रम ठेवला अन् चूल एका आंगानं खाली बसली. तिकडे त्या गेल्या, इकडे चूल गेली. मी चुलीपाशीच बसून रडली.

माही बोटं आता संधिवातानं वाकडी. पोरगा म्हने, आई, गॅसवर कर, कोनाले दिसते? म्हनलं, तिले दिसते. मंग माही सून जया म्हने, आई, तुमी सांगा, मी करतो. बारावी शिकेल पोरगी, मातीत हात घातला नव्हता कधी. मोजाची येय आली तं माहा हात धरून पसरवाले लागली. पसरते कुठचा? म्हनलं, राहू दे बाप्पा, तुहीच ईत लाव.

तेरवीच्या दिवशी तिनं मोठा गंज ठेवला तं तो चुलीवर डोलूनच राह्यला, अर्धं वरन सांडलं. पोरीचं तोंड उतरलं. आई, मोडू का? अन् ताई, माह्या तोंडातून इचार कराच्या आदीच निंगालं, कायले मोडतं, चूल चांगली हाय, भांडं मोठं हाय.

मंग मले माळा आठवला. हात वर केला, फडकं सोडलं. तोच पितयेचा गंज. चुलीवर ठेवला तं असा बसला, असा बसला का सूतभरही हालला नाही. जया बी टीचभरच ना. तिची ईत अन् आत्याबाईची ईत एकच! त्यातच वरन शिजलं, निवद गेला. मी डोये पुसत वाढे.

आता रोजचं गॅसवरच होते, भाकरी तेवढ्या चुलीवर. जयाले दिवस गेले हायेत, सुखानं मोकयी होवो. परवा म्या तो मोठा गंज धुतला, फडक्यात बांधला अन् म्हनलं, माळ्यावर ठेव. पाटावर चढून ठेवला तिनं. म्हने, आई, हा काहून ठेवता, भंगारात देऊन टाकू.

म्हनलं, राहू दे. एखादी उंच येईन.