राउटरची सुट्टी

बनारसच्या बँकेत असताना आम्ही दोन राउटर बसवले होते, सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णवची गोष्ट. एक बंद पडला की दुसऱ्यानं आपोआप काम उचलायचं. पण एकदा पहिला बंद करून बघू म्हटलं, की आमचे मॅनेजर मिश्राजी उसळायचे. "चलती मशीन बंद करोगे? पब्लिक हमें गंगाजी में फेंक देगी!" मी विनवून थकलो.

मग आली विश्वकर्मा पूजा. काशीत त्या दिवशी यंत्रांना सुट्टी. पूजेला राजा घाटावरचे आपले जोशी गुरुजी. त्यांनी पहिल्या राउटरला कुंकू लावलं, पुढे लाडू ठेवला आणि म्हणाले, "इसको बंद करिए. आज विश्राम."

आणि मिश्राजींनी निमूट स्वतःच्या हातानं बटण बंद केलं!

मी काउंटरकडे धावत जाऊन तिथल्या क्लार्कला विचारलं, "काम चल रहा है?"

"चल तो रहा है भइया, क्यों?"

मी परत येऊन सांगितलं, तशी मिश्राजींनी मला मिठीच मारली. तोवर गुरुजी कुंकू घेऊन दुसऱ्या राउटरकडे वळले. "अब इसको बंद करिए."

मिश्राजी दचकले. "फिर काम कौन करेगा, महाराज?"

गुरुजींनी पहिल्याकडे बोट दाखवलं. "ये करेगा. लड्डू खाके बैठा है."