पहिल्या ओळीतल्या वहिनींचा सत्कार

आदरणीय अध्यक्ष, व्यासपीठावरचे बंदराचे इंजिनीअरसाहेब, मुख्याध्यापिकाबाई, आजच्या सत्कारमूर्ती म्हणजे माझ्या थोरल्या वहिनी, आणि समोर बसलेल्या वस्तीतल्या आयाबहिणींनो, भावांनो,

मी जाळी विणणारा माणूस. शाळा चौथीतच सुटली. माईक हातात आला की तोंडाला कोरड पडते. वहिनी आत्ताच कानाशी म्हणाल्या, "भाऊजी, आटपा. भरतीच्या आत मला घर गाठायचंय." बसा हो वहिनी, घाई कसली?

माझ्या लहानपणी आमच्या घरांपुढे मासळीबाजार होता, त्यापुढे बर्फाचा कारखाना, मग कोरडी वाळू. आता तिथे होड्या नांगर टाकतात. म्हणून वडीलधाऱ्यांनी रीत घालून दिली, की पहिल्या ओळीतलं घर पडायची वाट बघायची नाही. माणसं बाहेर काढायची आणि उभ्या घरात छपरापर्यंत दगड भरायचे. लाटा तिथे अडतात, मागचे तगतात. हे दगड आणले कुठून? उत्तरेच्या खडकातून. मग तिकडून पाणी शिरलं. साहेबांनी समजावलं, अहो, तो खडक हीच तुमची भिंत होती. आपण माना डोलावल्या आणि पुढचे दगड दक्षिणेच्या खडकातून काढले. साहेब, हसू नका.

वहिनींचं योगदान मोठं आहे. शेजारच्या शिंपिणीच्या घरात दगडांची पहिली पाटी यांनीच ओतली. ती दारात रडत बसली, तर या म्हणाल्या, "रड, पण बाजूला बसून रड. वाटेत येतेस." असा कणखरपणा आज कुठे दिसतो?

मात्र स्वतःची पाळी आली तेव्हा म्हणाल्या, "ज्या खाटेवर तुमचे दादा गेले, तिच्यावरच मी जाणार." घर रिकामं करायला गेलेली वस्तीची समिती हात हलवत परतली. माझं घर यांच्या मागेच. परवा आमच्या स्वयंपाकघरात फरशीच्या सांध्यातून पाणी वर आलं. सून म्हणाली, "बाबा, तुम्ही बोलता की मी बोलू?" जिवाला घोर लागला. मग मीच समितीला सत्कार सुचवला.

आज हॉलमध्ये तरुण मंडळी का नाहीत, असं बाईंनी विचारलं. वहिनी, ती तुमच्या घरी आहेत. भांडी आणि दादाचा फोटो माझ्या ओट्यावर आणून ठेवलाय. खाट दारातून निघेना, ती आतच राहिली. एव्हाना दगड खिडकीच्या वर गेले असतील. उठू नका. बाई, त्यांचा हात सोडू नका.

सत्कारमूर्तींचं मनोगत अध्यक्षांनी रद्द केलंय. खुर्च्या देणाऱ्या शाळेचे आणि पाट्या वाहणाऱ्या मुलांचे आभार. माझ्या बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल तर अडाणी म्हणून सांभाळून घ्या.

आणि एक सांगून ठेवतो. यापुढची पाळी माझ्या घराची. मला सत्काराचं आमंत्रण द्यायला कोणी येऊ नका. मी येणार नाही.