सयाजीचा डावा खांदा

—न्हाई मॅडम, झोपायला कशाला लावता, मी बसूनच सांगतो ना. डावा खांदा. गेल्या खेपेला सांगितलेला तोच, कबड्डीत लागलेला. पन्नाशीत कबड्डी कशाला म्हणाल, तर तुमचं बरोबर हाय, पण आमच्या पिंपरी पेंढारात मैदान दिसलं की पाय थांबत न्हाईत. आन् तुमचा व्यायाम? सयाजी एक वेळ जेवण सोडंल, व्यायाम सोडणार न्हाई. आधी शेक, मग ताण, सगळं तुमी सांगितल्यावाणी. गरम पाण्याचं फडकं खांद्यावर ठेवलं की डोळेच मिटतो— म्हंजे मी मिटतो. पुढं वाकून हात मोकळा झुलवायचा, त्यात वाकायचं कामच न्हाई, आधीच वाकलेला. भिंतीवर बोटं चढवत न्यायची, ते मातर जमंना. बोटंच न्हाईत— बोटांत जोर न्हाई म्हणतो मी. आन् ती रबरी पट्टी, दाराला अडकवून ओढायची, तसली दुसरी मिळंल का? हरवली न्हाई हो. खाल्ली. मी कशाला खाईन? घरातलीच गोष्ट हाय. अर्धी तोंडातनं ओढून काढली, पण काय ताणली जाते राव, मी पार गोठ्याच्या दारात गेलो तरी तुटंना. माल चांगला हाय तुमचा.

हसू नका. कुठं दुखतंय? दाबा की. इथं न्हाई, जरा वर, वशिंडाच्या— मानंच्या मागं. वशिंड म्हणालो का मी? शेतकऱ्याच्या तोंडात बसलेला शब्द हाय, येतो कवा कवा. हात वर करू? हा बघा. गेला की. दोन्ही गेले. असं बघू नका मॅडम, दुखतं ते चालताना. हो, खांदाच, पण चालताना. पुढचा पाय टाकला की—

बरं, ऐका. माझा खांदा ठणठणीत हाय. दुखतोय तो पाखऱ्याचा. बैल, मॅडम. बैलगाड्याच्या शर्यतीत पळतो आमचा, तिथल्या घाटात, म्हंजे पळायच्या चढावर, घसरला. तुमच्या बोर्डावर 'खेळाडूंसाठी फिजिओथेरपी' लिवलंय, मग तो खेळाडूच ना? कबड्डी तेवढी खोटी. ढोरांचे डॉक्टर म्हणले, इंजेक्शन झालं, आता आराम. आरामानं नुसता फुगला, लंगडणं तसंच. धाकटा भाऊ, अमृत, म्हणतो, यात्रेला पळाला न्हाई तर विकून टाकू, उभ्या बैलाला किती दिवस पोसायचं. त्याचंही चुकत न्हाई. पण साळूनं— बायको माझी, औंदाच्या उन्हाळ्यात गेली— तिनं पाखऱ्याला सवय लावलेली, भाकरीचा तुकडा दिल्याबिगर खाली बसायचा न्हाई. आता मी देतो. स्वतःसाठी कोण चूल पेटवतंय, पण त्याच्यापायी भाकरी थापावी लागते. वेड्यावाकड्या व्हत्यात. तो नावं ठेवत न्हाई. मग उरलेली मी खातो.

तुमच्या शेकानं फरक पडलाय, खोटं न्हाई. पण पुढचं काय करायचं ते मला समजंना, आन् हात लावल्याबिगर तुमी तरी कशा सांगणार? म्हणून आज— काय? आवाज? हो, तोच. खाली पिकअपमधी हाय. शांत हाय हो तसा, फक्त तुमच्या बोर्डाकडं बघून हंबरतोय. चार पायांचं शिकवलं न्हाई म्हणता? मग पुढच्या दोघांचंच बघा, मागचे चांगले हायेत. बाकीच्या पेशंटांना सांगा, जरा थांबा म्हणावं. खेळाडू आलाय.

उठलात? लई उपकार. चला, मी पुढं हुतो. आन् मॅडम, ती नवी पट्टी अशी हातात धरून उतरू नका. पाठीमागं धरा. पाठीमागं— बघितली त्यानं.