इंदूचा ढाणकीवाला गुलाब

नाही ना जी, वाळला नाही म्हणत मी, जळला! शेंड्यापासून बुडापर्यंत काळा ठिक्कर… अन् कायले जळला? मी मूठभर युरिया टाकला म्हणून! कपाशीच्या पऱ्हाटीले टाकतो तं कशी हिरवीगार होते, म्हटलं गुलाबानं काय घोडं मारलं? पण मे महिन्याचं ऊन, कोरडी माती, वरून युरिया… काड्या उरल्या, काड्या!

अन् गुलाब कोणाचा? बायकोचा! इंदूनं ढाणकीहून, मायेरून आणलेला, तिच्या मायच्या हातचा. फिक्का गुलाबी, अन् वास असा का रस्त्यानं जाणारा माणूस थांबते. सासूबाई गेल्या, झाड राह्यलं. इंदू रोज त्याच्यासंग बोलते, माझ्यासंग नाही बोलत एवढं! आता ती गेली भावाकडे, जाताना एकच सांगून गेली, "काही करू नका, फक्त पाणी टाका." तुम्हीच सांगा, "काही करू नका" म्हटल्यावर माणसाचे हात शांत बसतात काय?

अन् रविवारी ती येऊन राह्यली! डोक्याले दुपट्टा बांधला, फटफटी काढली, बाभुळगावहून थेट यवतमाळ. नर्सरीवाला म्हणते, "काका, हा डच गुलाब घ्या, फोटो लय मस्त येते!" म्हटलं, वास? "वास नाही येत." म्हटलं, टिकते का बावा आपल्या उन्हात? "टिकते ना! फक्त ऊन लागू देऊ नका." घ्या!

दुसऱ्या नर्सरीत चष्मेवाल्या बाई. "पुण्याकडचं कलम आहे, दादा." टिकते का हो आपल्या उन्हात? "वरचं कलम जाते कधीकधी, पण खालचा जंगली खुंट काय जोरात फुटते!" म्हणजे नवरदेव गेला अन् घोडा उरला!

तेवढ्यात इंदूचा व्हिडिओ कॉल! "काहो, गुलाब दाखवा." "नेट नाही इंदू, आवाज कटून राह्यला," म्हटलं अन् फोनच बंद केला. खरं सांगतो, ते झाड नव्हतं जी, तिची मायच होती अंगणात. काय तोंड दाखवू मी तिले?

तसाच मारेगावले गेलतो. तिथला नर्सरीवाला म्हातारा रंग-वास ऐकून म्हणते, "हा गावरान. याचं कलम कोणी करत नाही, नर्सरीत कायचा भेटते? तुमच्याच बाभुळगावच्या बाजूच्या तांड्यावर, जमनाबाईच्या अंगणात पाह्यलता." अख्खा जिल्हा पालथा घातला, अन् गुलाब घराच्या मागं!

गेलो. पाह्यतो तं… तोच! तोच वास! भर उन्हात फुलं! डोळ्यात पाणी आलं, खोटं कायले सांगू. हात जोडले, "जमनाबाई, टिकते का हा आपल्या उन्हात?"

ती हसाले लागली. "टिकते का म्हणजे? भिया, तुमच्याच इंदूताईनं फांदी देल्ली ना मले! चार-पाच घरी देऊन ठेवल्या तिनं." अन् मी नाही-नाही म्हणेपर्यंत जमनाबाईनं फोन लावला बी! "इंदूताई, तुमचे मालक आले, गुलाबाची फांदी मांगून राह्यले…"

स्पीकर चालू. मग इंदू बोलली, चिडून नाही जी, चिडली असती तं बरं होतं. "मले माहीत होतं. म्हणूनच वाटून ठेवल्या. मायचा गुलाब हाय तो, उन्हात टिकते. तुमच्या हातात टिकत नाही."

आता पाणी पडलं का फांदी लावणार हाय ती. ती लावणार! मले दुरून पाह्याची परवानगी. चालते जी, तिच्या हातात मी एवढी वर्षं टिकलो, हेच लय झालं!